माल टेकेपर्यंत

मित्रांनो, मी जुना आहे, एवढं एक नक्की सांगतो. बाकी कशाबद्दल विचाराल तर माझा पहिल्यापासूनच गोंधळ आहे. माझ्या पाठीवर एक नंबर कोरला होता, तो अर्धा झिजला. माझी अँटेना एकदा मोडून पुन्हा बसवली, ती तेव्हापासून एका बाजूला कलते. लोक मला वॉकीटॉकी म्हणतात. मला स्वतःचा आवाज नाही. कोणीतरी दुसरीकडे बोलतं आणि ते माझ्या पोटातून बाहेर येतं. त्यामुळे आपण काय बोललो आणि आपल्याला कोणी काय बोलायला लावलं, यात माझी नेहमी गल्लत होते. तेव्हा सांगताना कुठे घसरलो तर सांभाळून घ्या.

एका लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका ओळीने बसून बारीक तारा जोडत होत्या. ज्या बाईने मला जोडलं, तिनेच माझा जोडीदारही जोडला. मग एकाला तोंडाशी आणि दुसऱ्याला कानाशी धरून ती म्हणाली, "हॅलो हॅलो, एक दोन तीन." मला वाटलं, हेच माझं नाव. पुढे बरेच दिवस मी स्वतःला हॅलोहॅलो समजत होतो आणि जगातले सगळे लोक मलाच का हाका मारतात, हे मला कळत नव्हतं.

तिथून आम्ही दोघं एका बांधकामाच्या साइटवर गेलो. मी गेलो क्रेनच्या केबिनमध्ये, ढगांच्या शेजारी. जोडीदार राहिला खाली, धुळीत. माझा मालक क्रेन चालवायचा. आज घरात सगळे त्यांना आजोबा म्हणतात, पण तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या आणि शिडी ते वाऱ्यासारखे चढायचे. इतक्या उंचावर बसून सगळ्यांना अक्कल शिकवतात म्हणून साइटवर त्यांना 'उंटावरचा शहाणा' म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत. त्यांना त्याचा मुळीच राग येत नसे.

खाली माझ्या जोडीदाराला हातात धरून उभे असत ते उस्ताद. क्रेनला खालून इशारे देणं हे त्यांचं काम. आजोबांना वरून खालचं काही नीट दिसत नसे. सळयांचा भारा कुठे न्यायचा, किती खाली सोडायचा, हे उस्ताद सांगत आणि आजोबा करत. "डावीकडे. अजून. थांब. हळू खाली." दिवसभर हेच. आजोबांचा डावा अंगठा क्रेनच्या लिव्हरवरच्या बटणावर असे आणि उजवा माझ्यावर. या दोन अंगठ्यांची शिस्त अगदी उलटी होती, ती तुम्ही नीट ऐका, कारण पुढे सगळा घोटाळा तिथेच झाला.

माझं बटण दाबलं की बोलता येतं आणि सोडलं की ऐकू येतं. दाबून ठेवलं तर मी ठार बहिरा. म्हणून उजवा अंगठा "हो" म्हणण्यापुरता दाबायचा आणि लगेच उचलायचा. लिव्हरचं बटण मात्र माल जमिनीला टेकेपर्यंत दाबून धरायचं. मध्येच सोडलं तर क्रेन झटक्याने थांबते आणि टनभर माल माणसांच्या डोक्यावर झोके घेऊ लागतो. आजोबांनी कामाच्या इतक्या वर्षांत तो अंगठा एकदाही मध्येच उचलला नाही. एकदा केबिनमध्ये गांधीलमाशी शिरली आणि त्यांच्या कानाला डसली. ते नुसते "आई गं" म्हणाले. माल टेकला, मग त्यांनी कान चोळला.

त्यांची आणखी एक सवय होती. खालून एका वेळी दोघं बोलू लागले की ते हात गोठवून बसत. दहा जण ओरडले तर कोणाचंच ऐकायचं नाही, ऐकायचं ते एकट्या उस्तादांचं, असा त्यांचा नियम होता. साहेब लोकसुद्धा खालून ओरडून दमले, पण हूक बोटभर हलला नाही. त्या काळी माझं फार कौतुक व्हायचं. पाऊस आला की आजोबा आधी मला शर्टाच्या आत घालत, मग स्वतःकडे बघत.

मग एके दिवशी निरोपाचा चहा झाला. साहेबांनी आम्हा दोघांना एका पिशवीत घालून आजोबांच्या हाती दिलं. मला वाटलं, नवी साइट असेल. पण आम्ही गेलो ते एका कपाटाच्या खणात, जुन्या किल्ल्या आणि बंद पडलेली विजेरी यांच्या शेजारी. तिथे नऊ वर्षं गेली. आमचं काय चुकलं, हे मी जोडीदाराला विचारत राहिलो. त्याची बॅटरी उतरली होती आणि माझीही, त्यामुळे मी विचारलं आणि त्याने ऐकलं, हेसुद्धा खरं की मनातलं, ते सांगता येत नाही.

एके दिवशी खण उघडला आणि आजींचा हात आत आला. घरातली सगळी जणं पाच दिवस क्रूझवर जाणार होती. आजी, आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि नात. नात सतत गुणगुणत असायची म्हणून तिला सगळे भुंगा म्हणत. भर समुद्रात मोबाइल लागणार नाही, मग एवढ्या मोठ्या जहाजावर एकमेकांना शोधायचं कसं, असा प्रश्न होता. आजी म्हणाल्या, हे दोघं नेऊ या. मुलगा हसला. आई, आपण फिरायला चाललोय, इमारत बांधायला नाही, असं तो म्हणाला. आजी म्हणाल्या की नवे फोन ह्यांच्या हाताला कळत नाहीत, हा कळतो. दुरुस्तीवाल्याने आम्हाला नव्या बॅटऱ्या बसवल्या आणि मी आजोबांच्या गळ्यात दोरीने लटकलो.

क्रूझ म्हणजे काय, हे मला अजूनही धड कळलेलं नाही. मला ती आडवी पाडलेली इमारत वाटली. चौदा मजले, हजार खोल्या, आणि काम कोणीच करत नव्हतं. लोक खात होते, पाण्यात डुंबत होते, पुन्हा खात होते. उघड्या डेकवर जोडीदाराचा आवाज खणखणीत यायचा. आतल्या गल्ल्यांत शिरलं की चोहीकडे लोखंडाच्या भिंती, तिथे नुसती खरखर. त्यातच दुसऱ्या कोणत्या तरी कुटुंबाकडेही आमच्याच चॅनलचे वॉकीटॉकी होते. एक अनोळखी बाई माझ्या पोटातून विचारायची, "पोहायचा चष्मा कुठे ठेवलाय?" आजोबा गंभीरपणे उत्तर देत, "थांब. हलवू नको." पलीकडे एकदम शांतता पसरे. ती बाई कुठे आणि कशी थांबली असेल, या विचाराने भुंगा पोट धरून हसायची.

सगळे हसत होते. आजी हसत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीतल्या खुंटीला टांगलेला होतो, तेव्हा आजोबांनी त्यांना विचारलं होतं की हे घर कोणाचं. आजी म्हणाल्या, आपलंच. थोड्या वेळाने त्यांनी तेच पुन्हा विचारलं. आजींनी पुन्हा तेच उत्तर दिलं, तेवढ्याच शांतपणे. नाश्त्याला मुलाने विचारलं, बाबा आज गप्प का? आजी म्हणाल्या, झोप झाली नसेल. माझा पुन्हा गोंधळ उडाला. झोप तर झाली होती, ते रात्रभर घोरत होते. आजी मुलापासून काहीतरी लपवत होत्या आणि ते मला कळून काही उपयोग नव्हता, कारण मी दुसऱ्याचंच बोलू शकतो.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. मुलगा, सून आणि भुंगा पोहण्याच्या तलावापाशी गेली, जोडीदार भुंगाच्या हातात. आजी खोलीत जरा आडव्या झाल्या. पंधरा मिनिटं, जास्त नाही. आजोबा उठले, त्यांनी मला गळ्यात घातलं आणि दार ओढून घेऊन बाहेर पडले. चालता चालता त्यांचा अंगठा माझ्या बटणावर बसला. मी वाट पाहिली, आता उचलतील. त्यांनी उचललाच नाही.

मित्रांनो, त्या क्षणापासून मी बहिरा झालो. जगातला एकही आवाज माझ्यापर्यंत पोहोचेना. मला वाटलं, सगळे कुठे गेले, जहाज बुडालं की काय. ज्या माणसाने आयुष्यभर माझं ऐकलं, तो आज ऐकायलाच तयार नव्हता. तो अंगठा उजवा होता, पण तो डाव्याची शिस्त पाळत होता. इतक्या वर्षांनी आजोबांच्या डोक्यात दोन्ही अंगठ्यांची अदलाबदल झाली होती. हे मला आज कळतंय. तेव्हा मी नुसता घाबरलो होतो, कारण दाबून ठेवलं की माझी बॅटरी भराभर उतरते.

मी ऐकू शकत नव्हतो, पण माझ्याकडून सगळं जात होतं. पुढचं मला नंतर जोडीदाराने सांगितलं, चार्जरवर शेजारी बसलो होतो तेव्हा. तलावापाशी भुंगाच्या हातातून आधी वाऱ्याचा आवाज आला. मग साखळीचा. मग आजोबांचा श्वास, आणि त्यांचं मोजणं. "एक. दोन. तीन." भुंगाने हाका मारल्या, पण त्या माझ्यापर्यंत येणार कशा? मुलाला वाटलं, बाबा जिने चढताहेत. तो जिन्यांकडे धावणार, एवढ्यात आजी धापा टाकत आल्या. खोलीत आजोबा नव्हते म्हणून त्या पायांत चपला न घालताच निघाल्या होत्या. त्यांनी वॉकीटॉकी कानाला लावला.

"जिने नाहीत ते," आजी म्हणाल्या. "जिने चढताना ते मोजत नाहीत, गुडघ्याला शिव्या घालतात. हे क्रेनची शिडी चढताहेत. इथे क्रेन कुठे आहे ते विचार."

क्रेन होती. जहाजाच्या मागच्या टोकाला, सामान चढवण्यासाठी, पांढऱ्या रंगाची, साइटवरच्या क्रेनपुढे अगदीच पिल्लू. पुढे साखळी आणि पाटी होती. आजोबांनी साखळी उचलली होती आणि बारा दांडे चढून ते शिडीवर उभे होते. वर जायला पुढे कुलूपबंद झाकण होतं. एका बाजूला खाली डेक, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. डाव्या हाताने त्यांनी शिडी धरली होती आणि उजव्या हाताने मला. म्हणजे सत्तर वर्षांचा माणूस चालत्या जहाजावर एका हाताने लटकत होता.

"उस्ताद, माल वर आहे," ते मला म्हणत होते. "खाली माणसं आहेत. मी अंगठा काढत नाही. तू सांग."

उस्ताद कुठून सांगणार? उस्तादांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि कोणी सांगितलं असतं तरी मी बहिराच. माझा लाल दिवा लुकलुकू लागला होता.

घरची सगळी खाली येऊन पोहोचली. मुलगा ओरडला, बाबा, खाली या. सून ओरडली, दोन्ही हातांनी धरा. जहाजावरचा एक कामगार वर चढू लागला, तोही ओरडत होता. आजूबाजूचे प्रवासी जमले आणि ज्याला जे सुचेल ते तो ओरडू लागला. आजोबांना मात्र एवढंच कळलं की खालून दहा जण ओरडताहेत, म्हणजे कोणाचंच ऐकायचं नाही. त्यांनी मला आणखी घट्ट आवळलं. त्यांच्या घामाने माझी पाठ ओली झाली होती आणि मी त्यांच्या बोटांतून निसटेन, याची मला भीती वाटत होती. निसटलो असतो तर बरं झालं असतं की वाईट, तेही मला ठरवता येईना.

"गप्प बसा सगळे," आजी म्हणाल्या. मुलगा काहीतरी बोलू लागला, तर त्यालाही म्हणाल्या, "तू पण. आणि त्या माणसाला खाली उतरव."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, डेकवर एकदम शांतता झाली. कामगार दोन दांडे चढला होता, तो उतरून बाजूला झाला. आजी गर्दीतून पुढे आल्या आणि आजोबांना दिसतील अशा मोकळ्या जागी, उन्हात, अनवाणी उभ्या राहिल्या. मग त्यांनी उजवा हात खाली केला, एक बोट जमिनीकडे धरलं आणि ते हळूहळू गोल फिरवू लागल्या.

मी दचकलो. हा तर उस्तादांचा इशारा. माल खाली घे, हळू. आमच्यात बिघाड झाला की उस्ताद वरून दिसेल अशा मोकळ्या जागी येऊन हातानेच बोलायचे. लग्नानंतरची कितीतरी वर्षं आजी डबा घेऊन साइटच्या फाटकाशी उभ्या राहत आणि काम सुटेपर्यंत बघत बसत, हे मला कुठे ठाऊक होतं? मी वर होतो.

आजोबांनी मान वळवली. त्यांची नजर त्या बोटावर बसली. त्यांचा श्वास जरा खाली आला.

भुंगाच्या आईला वाटलं, आता झालं, आता उतरतील. पण आजींनी हात थांबवला नाही. त्या फिरवत राहिल्या. एक मिनिट गेलं. दोन गेली. मुलगा कुजबुजला, "आई, पुरे, आता हात सोडायला सांग."

"अजून टेकला नाही," आजी म्हणाल्या.

टनभर सळया पंधराव्या मजल्यावरून खाली यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्यांनी हात फिरवला. तिथे सळया नव्हत्या, हूक नव्हता, काहीच नव्हतं. जमलेले लोक आधी वर बघत होते, मग हळूहळू सगळे त्या मोकळ्या जागेकडे बघू लागले, जणू खरंच काही उतरतंय. आजींचा खांदा थरथरत होता. शेवटी त्यांनी बोटाचं वर्तुळ लहान केलं, आणखी लहान केलं, थांबवलं, आणि दोन्ही हातांचे पंजे पोटाशी एकमेकांत गुंतवले. माल टेकला. काम बंद.

आजोबांचा अंगठा उचलला गेला.

आणि मला ऐकू आलं. समुद्र नाही, गर्दी नाही, एकच आवाज. आजींनी भुंगाच्या हातातून जोडीदार घेतला होता. "खाली सगळे सुखरूप आहेत," माझ्या पोटातून त्या म्हणाल्या. "आता दोन्ही हातांनी शिडी धरा. आणि या."

आजोबांनी मला सोडलं. मी दोरीवर त्यांच्या छातीवर आपटत राहिलो. त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली आणि मोजायला सुरुवात केली, उलटं. "बारा. अकरा. दहा." आठवर माझी बॅटरी संपली. त्यामुळे ते सुखरूप उतरले की नाही, हे मला तीन तास माहीत नव्हतं. तसे तीन तास मी कपाटातल्या नऊ वर्षांतही काढले नव्हते.

ते उतरले. जोडीदार सांगतो की खाली आल्यावर त्यांनी कपाळ पुसलं आणि आजींकडे बघून म्हणाले, "उस्ताद, आज फार हळू उतरवलंस. चल, निघतो. घरी बायको थांबली असेल. मी गेल्याशिवाय ती जेवत नाही."

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला तेव्हा कळलं, आणि आपल्या आईला हे केव्हापासून माहीत आहे, तेही कळलं. आजींनी पदराने तोंड पुसलं.

"चला," त्या म्हणाल्या. "मलाही तिकडेच जायचंय."

मी जोडीदाराला हे तीनदा सांगायला लावलं. बायको घरी थांबली होती, की शेजारी चालत होती? त्या दोघी एकच असतील तर मग आजी रडल्या का, आणि रडता रडता आजोबांचा हात त्यांनी इतका घट्ट का धरला? जोडीदार म्हणाला, तुला नाही कळायचं. त्यालाही कळलं नव्हतं, मी ओळखतो त्याला. त्या संध्याकाळी आजींनी मुलाला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं.

आता मित्रांनो, अशा हकिकतीच्या शेवटी ऐकणाऱ्यांकडे काहीतरी मागायचं असतं म्हणे. आम्हाला खणात विसरू नका, अधूनमधून चार्जरवर ठेवा, हे तर मी मागतोच. पण अजून एक मागतो. तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस काहीतरी घट्ट धरून बसलं असेल आणि तुम्हाला तिथे काहीच दिसत नसेल, तर खालून ओरडू नका. त्याला दिसेल असं उभं राहा आणि त्याचा माल टेकेपर्यंत थांबा. त्याला वेळ लागतो आणि हातही दुखतो. आजींचा खांदा असा भरून आला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कंगवा धरता येईना. आजोबा थोडा वेळ बघत राहिले, मग उठले आणि त्यांनी आजींचे केस विंचरून दिले, अगदी हळू, गुंता न ओढता. आपण कोणाचे केस विंचरतोय हे त्यांना माहीत होतं की नाही, ते मला विचारू नका. विंचरायच्या आधी त्यांनी मला गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. याला दोन्ही हात लागतात, असं ते म्हणाले.